स्वतंत्र बॅरिस्टरने असोसिएशनची वर्गणी भरावी का, आणि भरून मिळतं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे महाराष्ट्रात काही वर्षं वकिली करून इंग्लंडला आले, परदेशी वकील म्हणून ट्रान्सफर घेतली, प्युपिलेज, म्हणजे अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी, संपत आलंय आणि आता एका चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक ऑफिसमध्ये, सेल्फ-एम्प्लॉइड टेनंट (कायमचा सदस्य) म्हणून सुरुवात करणार आहेत, काम बहुतेक फौजदारी. ते म्हणतात, "प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेटची फी भरतोच आहे, वर बार रिप्रेझेंटेशन फी, क्रिमिनल बार असोसिएशनची वर्गणी, सर्किटची वर्गणी, हे सगळं कशाला? मी स्वतंत्र आहे, मला कोणी नोकरीवर ठेवलेलं नाही, मग ही युनियन माझ्यासाठी काय करणार? उद्या सॉलिसिटरने, म्हणजे आपल्याला केस देणाऱ्या वकिलाने, फी बुडवली किंवा क्लार्कने, म्हणजे चेंबर्समध्ये कामं वाटणाऱ्याने, काम दिलं नाही तर असोसिएशन माझ्या बाजूने भांडेल का?"

मी इथे बरीच वर्षं क्रिमिनल प्रॅक्टिस करते आणि मध्ये काही काळ असोसिएशनच्या कमिटीवरही होते, तेव्हा माझं मत थोडं त्या बाजूला झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकते.

पहिली गोष्ट, तुमच्या प्रश्नात तीन-चार वेगळ्या संस्था एकाच पोत्यात भरल्या गेल्यात. त्यात तुमचा दोष नाही, आपल्याकडून येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं हे होतं, कारण आपल्याकडे बार कौन्सिल म्हणजे सनद देणारी आणि सनद काढून घेणारी संस्था, आणि कोर्टाच्या आवारातला वकील संघ म्हणजे असोसिएशन. इंग्लंड-वेल्समध्ये गणित वेगळं आहे. इथली बार कौन्सिल 1894 पासून आहे आणि पूर्वी नियमन आणि प्रतिनिधित्व दोन्ही तीच करायची, पण वकिलांच्या तक्रारी वकिलांच्याच संघटनेने तपासायच्या हे लोकांना पटेना, म्हणून 2006 मध्ये नियमनाचं काम वेगळं काढून बार स्टँडर्ड्स बोर्डाकडे, म्हणजे बीएसबीकडे, दिलं आणि लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट 2007 ने ते वेगळेपण कायद्यात बसवलं. कागदावर आजही मान्यताप्राप्त नियामक बार कौन्सिलच आहे, पण प्रत्यक्षात तुम्हाला लायसन्स देणारी, तुमच्यावर कारवाई सुरू करणारी बीएसबी, आणि तुमच्या वतीने बोलणारी बार कौन्सिल. दोघांची गल्लत करू नका, विशेषतः फोन लावताना.

त्याच्या बाजूला चार इन्स आहेत, लिंकन्स, ग्रेज, इनर टेंपल, मिडल टेंपल. ग्रेज इनचं नाव बाबासाहेबांमुळे आपल्याकडे घराघरात माहीत आहे. इन तुम्हाला बारमध्ये दाखल करते, स्कॉलरशिप देते, ट्रेनिंग देते, जेवण देते, पण मंत्र्याशी फीवरून वाटाघाटी हे इनचं काम नाही. मग सहा सर्किट, म्हणजे भौगोलिक विभाग: मिडलंड, नॉर्थ ईस्टर्न, नॉर्दर्न, साउथ ईस्टर्न, वेल्स अँड चेस्टर, वेस्टर्न. आणि मग विषयवार असोसिएशन्स, क्रिमिनल बार असोसिएशन, फॅमिली लॉ बार असोसिएशन, चॅन्सरी बार असोसिएशन, कमर्शियलवाल्यांची कॉम्बार, पर्सनल इंज्युरीवाल्यांची पिबा वगैरे. तुम्ही ज्यांना "ही युनियन" म्हणताय ते म्हणजे बार कौन्सिल अधिक सर्किट अधिक विषयवार असोसिएशन, आणि तिघांची कामं एकमेकांवर चढलेली असली तरी एक नाहीत.

आता "मी स्वतंत्र आहे" याबद्दल. इथल्या प्रॅक्टिस करणाऱ्या बॅरिस्टरांपैकी साधारण 80 टक्के सेल्फ-एम्प्लॉइड आहेत. चेंबर्स ही फर्म नाही, शेजारच्या खोलीतला माणूस तुमचा पार्टनर नाही, भाडं आणि क्लार्क शेअर करता एवढंच, आणि उद्या तोच शेजारी तुमच्या विरुद्ध बाजूने उभा राहू शकतो, राहतोच. याचा फायदा असा की कुठल्याही क्लायंटच्या किंवा सरकारच्या दबावाशिवाय केस चालवता येते. तोटा असा की नोकरीत जे आपोआप मिळतं ते काहीच नाही, पगारी रजा नाही, आजारपणात पगार नाही, एचआर नाही, नियम बदलला तर सांगणारा कोणी नाही, मंत्रालयाने फीचं कोष्टक बदललं तर ते वाचून त्यातली खोच शोधणारा विभाग नाही. मोठ्या सॉलिसिटर फर्ममध्ये या सगळ्यासाठी माणसं पगारावर असतात. आपल्यासारख्या सेल्फ-एम्प्लॉइड बॅरिस्टरांसाठी ते काम कोणीतरी वर्गणी गोळा करून करायचं, ते कोणीतरी म्हणजे असोसिएशन. म्हणून ती माझ्यासाठी भांडेल का, यापेक्षा ती नसती तर यातलं काय काय मला एकट्याला करावं लागलं असतं, हा हिशोब मांडून बघा.

एक उदाहरण जरा जवळून बघू, कारण नवीन माणसाला पहिल्या वर्षात हेच सगळ्यात उपयोगी पडतं. समजा ट्रायल चालू आहे, खोट्या सहीची केस आहे, जेवणाच्या सुट्टीत तुम्ही खाली कोठडीत क्लायंटला भेटायला जाता आणि तो सहज म्हणतो, "ती सही मीच केली होती, पण त्यांना सिद्ध करता येणार नाही ना?" दोन वाजता कोर्ट पुन्हा बसणार. कोर्टाची दिशाभूल करायची नाही ही तुमची जबाबदारी, क्लायंटचं गुपित फोडायचं नाही हीसुद्धा तुमचीच. याचं उत्तर नियमांत आहे, म्हणजे सरकारी पक्षाचा पुरावा तुम्ही तपासू शकता, तो पुरेसा नाही असं म्हणू शकता, पण सही दुसऱ्याने केली अशी केस उभी करता येणार नाही, साक्षीदाराला तसं सुचवता येणार नाही, क्लायंटला पिंजऱ्यात उभं करून ते खोटं बोलवून घेता येणार नाही, आणि तो तेच कर म्हणून अडून बसला तर केस सोडावी लागेल, आणि सोडताना कारण कोर्टाला सांगता येणार नाही. हे आत्ता वाचायला सोपं वाटतं. कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये घड्याळाकडे बघत एकट्याने ठरवायचं असतं तेव्हा डोकं चालत नाही.

अशा वेळी बार कौन्सिलची एथिक्सची हेल्पलाइन आहे. तिथला माणूस निर्णय तुमच्याऐवजी घेत नाही, पण कुठला नियम कुठे लागतो ते शांतपणे दाखवतो. त्यांचा सल्ला बीएसबीवर बंधनकारक नाही हे लक्षात ठेवा, तरी तुम्ही विचारून, समजून पाऊल टाकलं हे नंतर दाखवता येतं, म्हणून मी फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर लगेच वहीत लिहून ठेवते. आणि एक बारीक पण महत्त्वाचं: दुसऱ्या बॅरिस्टरचं गंभीर गैरवर्तन कळलं तर आपल्याला ते बीएसबीला कळवावं लागतं, पण हेल्पलाइनवर काम करणाऱ्यांना त्या कामापुरती यातून सूट आहे, त्यामुळे तिथे मोकळेपणाने बोलता येतं. हेच फोन लावताना गल्लत करू नका म्हटलं त्याचं कारण. बीएसबीत तुमची गोष्ट ऐकणारा माणूस नियामकाचा माणूस असतो.

आता युनियन या कल्पनेकडे येते. इथे लोकांचा सगळ्यात जास्त भ्रमनिरास होतो.

कायद्याच्या नजरेत सेल्फ-एम्प्लॉइड बॅरिस्टर म्हणजे एकेक स्वतंत्र धंदा. हजारो छोटे धंदे, एकमेकांचे स्पर्धक. अशा स्पर्धकांच्या संघटनेने "अमुक पौंडाच्या खाली कोणी खासगी काम घेऊ नका" असा फतवा काढला तर तो कॉम्पिटिशन अ‍ॅक्ट 1998 खाली सरळ किंमत ठरवणं होऊ शकतं. त्यामुळे कमिटीच्या बैठकीत दर हा शब्द निघाला की कोणीतरी घसा खाकरतंच. तुम्हाला वाटत असेल की असोसिएशन किमान दर जाहीर करेल आणि तुमचा क्लार्क ते दाखवून जास्त मागेल, तर ते होणार नाही.

पण लीगल एडचं, म्हणजे सरकारी खर्चाने चालणाऱ्या केसेसचं, वेगळं आहे. तिथे फी बाजार ठरवत नाही, सरकार नियमावलीने ठरवतं. क्राउन कोर्टातल्या, म्हणजे गंभीर फौजदारी खटल्यांच्या कोर्टातल्या, बचावाच्या कामाची फी अ‍ॅडव्होकेट्स ग्रॅज्युएटेड फी स्कीमच्या कोष्टकातून निघते, गुन्ह्याचा प्रकार, ट्रायल किती दिवस चालली वगैरेवरून. सरकारने केलेल्या कोष्टकाबद्दल सरकारशी बोलणं म्हणजे आपसात दर ठरवणं नव्हे, आणि तिथे एकट्या बॅरिस्टरच्या पत्राला कोणी विचारत नाही. म्हणून क्रिमिनल आणि फॅमिलीवाल्यांना असोसिएशनची गरज कमर्शियलवाल्यांपेक्षा खूप जास्त, हे माझं स्पष्ट मत. ज्याचे क्लायंट बँका आणि शिपिंग कंपन्या आहेत त्याच्यासाठी असोसिएशन म्हणजे लेक्चर, ओळखी आणि परदेशात इंग्लिश कोर्टांचा प्रचार. तेही काम आहे, पण त्याच्या घरखर्चाचा प्रश्न त्यातून सुटत नाही.

2022 चं आंदोलन तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. त्याची पार्श्वभूमी अशी की सर क्रिस्टोफर बेलामी यांनी लीगल एडचा जो रिव्ह्यू केला तो डिसेंबर 2021 मध्ये आला, त्यात क्रिमिनल लीगल एडला वर्षाला किमान 13.5 कोटी पौंड जास्त, म्हणजे सुमारे 15 टक्के वाढ, आणि तीही उशीर न करता द्या असं म्हटलं होतं. क्रिमिनल बार असोसिएशन सांगत होती की सुरुवातीच्या तीन वर्षांत खर्च वजा जाता ज्युनिअरच्या हातात साधारण 12,200 पौंड राहतात. सरकार वाढ देतो म्हणालं पण ती फक्त नव्या केसेसना, आणि कोर्टात तर जुन्या केसेस तुंबलेल्या, म्हणजे पैसे हातात पडायला आणखी किती काळ जाणार कोणास ठाऊक. एप्रिल 2022 पासून "नो रिटर्न्स" सुरू झालं, म्हणजे दुसऱ्या बॅरिस्टरला तारीख जमत नसल्याने परत आलेली केस आपण उचलायची नाही, जे खरं तर आपण एरवी निव्वळ सिस्टीम चालावी म्हणून करत असतो. जूनच्या शेवटी काम बंदचे दिवस सुरू झाले, 5 सप्टेंबरपासून बेमुदत, आणि सप्टेंबरच्या शेवटी सरकारने 15 टक्के वाढ क्राउन कोर्टात आधीपासून पडून असलेल्या बहुतेक केसेसनाही लावायचं मान्य केल्यावर मतदान होऊन 10 ऑक्टोबरला ते थांबलं. ऑफर स्वीकारा म्हणणारे 57 टक्के.

बाहेरचे लोक याला संप म्हणाले, पण नोकरीच नाही तर कामगार कायद्यातलं संपाचं संरक्षण कुठून येणार? उलट घेतलेल्या केसला हजर न राहणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकतं, असा इशारा त्या वेळच्या लॉर्ड चीफ जस्टिसनी, म्हणजे इंग्लंड-वेल्सच्या न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांनी, दिला होता. म्हणजे जोखीम प्रत्येकाने स्वतःच्या सर्टिफिकेटवर घेतलेली, असोसिएशन फक्त मतदान घेऊ शकते, बाकीच्यांचं मत काय आहे ते सांगू शकते, नियमांचं मार्गदर्शन देऊ शकते, अडचणीतल्या ज्युनिअरसाठी मदतनिधी उभा करू शकते. आणि त्या 57 टक्क्यांकडे पुन्हा बघा, दर दहात चार जणांना तो सौदा मान्य नव्हता. ते लोक दुसऱ्या दिवशी त्याच रोबिंग रूममध्ये गाऊन घालत होते. स्वतंत्र माणसांची संघटना अशीच चालते, आदेश देता येत नाही, फक्त पटवता येतं, म्हणून ती बाहेरून कायम लेचीपेची दिसते.

ज्याची बातमी होत नाही ते काम मला जास्त मोलाचं वाटतं. मंत्रालय एखाद्या बदलावर मतं मागवतं, शंभर पानांचा कागद, मुदत थोडी. असोसिएशनची चार-पाच माणसं दिवसभर कोर्ट करून रात्री व्हिडिओ कॉलवर बसतात आणि परिच्छेदनिहाय वाद घालतात की हे प्रत्यक्ष कोर्टात कसं फसेल. उदाहरणार्थ, साक्षीदाराची उलटतपासणी ट्रायलच्या आधीच रेकॉर्ड करायची पद्धत आली, कल्पना चांगली, असुरक्षित साक्षीदाराला थांबावं लागत नाही, पण त्यासाठी बॅरिस्टरला तीच केस दोनदा तयार करावी लागते, एकदा रेकॉर्डिंगला आणि महिन्यांनी पुन्हा ट्रायलला, आणि दोन्ही तारखा त्याच्याच डायरीत बसाव्या लागतात. फी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, कारण त्याने कधी ट्रायल तयार केलेली नसते. 2022 च्या तडजोडीत या कामाच्या फीचा मुद्दा आला तो आकाशातून पडला नव्हता. 2025 मध्ये सर ब्रायन लेव्हसन यांच्या फौजदारी कोर्टांवरच्या रिव्ह्यूमध्ये ज्युरी ट्रायल कमी करायच्या शिफारशी आल्या तेव्हाही तेच, टीव्हीवर दोन मिनिटं दिसतात, मागे लेखी काम ढीगभर असतं.

आता तुमचे दोन थेट प्रश्न.

सॉलिसिटरने फी बुडवली तर? पूर्वी बॅरिस्टरची फी म्हणजे मानधन समजलं जायचं, तिच्यासाठी कोर्टात दावाही लावता येत नव्हता. कोर्ट्स अँड लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्ट 1990 नंतर करार करता यायला लागला, आणि 2013 पासून बार कौन्सिलच्या प्रमाणित करार-अटी आहेत आणि फी बुडवणाऱ्या सॉलिसिटरांची एक यादीही आहे. असोसिएशन तुमच्या वतीने दावा लावत नाही. पण काम घेताना त्या अटी लावून घेतल्यात का हे क्लार्कला विचारा, कारण नंतरची सगळी वसुली त्यावर उभी असते. कॅब-रँक नियमाने, म्हणजे रांगेत उभ्या टॅक्सीसारखं येणारं गिऱ्हाईक नाकारायचं नाही या नियमाने, आपण बांधलेले असलो तरी ज्या सॉलिसिटरकडून पैसे मिळतील असं वाजवीपणे वाटत नाही त्याचं काम उधारीवर घ्यायची सक्ती नाही, आणि तिथे ती यादी दाखवायला बरी पडते. लीगल एडच्या कामात हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो, तिथे बहुतेक वेळा भांडण कोष्टकाच्या अर्थावरून असतं आणि आधी कोणी तसाच मुद्दा जिंकलाय का हे असोसिएशनच्या लोकांना विचारलं की तासाभराचं शोधकाम वाचतं.

क्लार्कने काम दिलं नाही तर? इथे खरं सांगायचं तर असोसिएशन तुमचं वकीलपत्र घेणार नाही, कारण तुमचा हेड ऑफ चेंबर्सही तिचाच सदस्य आहे आणि कदाचित तुमच्यापेक्षा जास्त वर्षांपासून. पण कामाचं वाटप चेंबर्सने तपासत राहायचं असतं, तो नियम बीएसबीचा आहे, आणि ते तपासायचं कसं याचं मार्गदर्शन बार कौन्सिल छापते, महिला आणि पुरुष बॅरिस्टरांच्या कमाईतल्या फरकाचे आकडेही तीच काढते. "मला वाटतं मला कमी काम मिळतंय" असं म्हणत क्लार्करूममध्ये जाण्यापेक्षा "गेल्या सहा महिन्यांचं वाटप बघू या का" म्हणत गेलात तर बोलणं वेगळं होतं. छळ किंवा त्रासाचा प्रकार असेल तर बार कौन्सिलची टॉक टू स्पॉट नावाची ऑनलाइन सोय आहे, नाव न देता नोंद करता येते. पैशाची खरी अडचण आली, आजारपण आलं, तर बॅरिस्टर्स बेनेव्होलंट असोसिएशन 1873 पासून आहे, मागायला लाजू नका, लोक फार उशिरा जातात. आणि परदेशातून आलेल्याला एक सवय लावून घ्यावी लागते, आपल्याकडे बार रूममध्ये बसलं की चहाबरोबर सगळं कानावर येतं, इथे चेंबर्समध्ये अर्धे लोक घरून काम करतात, कानावर आपोआप काही येत नाही. सर्किट आणि असोसिएशनचे कार्यक्रम त्यासाठी आहेत, तिथलं जेवण कसंही असो.

असोसिएशनचे दोषही सांगते. अध्यक्ष एका वर्षासाठी असतो, त्यामुळे मंत्री आणि अधिकारी कळतात तोवर मुदत संपते. कमिटीवर तेच येतात ज्यांना संध्याकाळ रिकामी ठेवता येते, म्हणजे लहान मुलं असलेले, लांबच्या कोर्टात जाणारे, नवीन ज्युनिअर कमी. लंडनचा आवाज मोठा. तुम्हाला यातलं काही खटकलं तर वर्गणी न भरणं हा एक मार्ग आहे, पण त्याने कोणालाच काही कळत नाही.

मग भरायचं काय? हे तुमच्या कामावर अवलंबून आहे, पण मी तुमच्या जागी असते तर हा क्रम लावला असता. प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेटची फी सक्तीची, ती उत्पन्नाच्या टप्प्याप्रमाणे असते, आणि बार म्युच्युअलचा इन्शुरन्सही सेल्फ-एम्प्लॉइडला सक्तीचाच, त्यांत निवड नाही. ऐच्छिकमध्ये सगळ्यात आधी क्रिमिनल बार असोसिएशन, कारण तुमची कमाई ज्या कोष्टकावर आहे त्यावर बोलणारे ते आहेत. लंडनबाहेर, म्हणजे ब्रिस्टल, मँचेस्टर, कार्डिफ अशा ठिकाणी असाल तर सर्किट त्याच्या बरोबरीने, कारण तिथला रेसिडेंट जज (त्या कोर्टाचा मुख्य जज), तिथली लिस्टिंगची, म्हणजे केसच्या तारखा लावण्याची, कटकट हे सगळं सर्किटचा लीडर बघतो. लंडनमध्ये असाल तर सर्किट दुसऱ्या वर्षीही चालेल.

बार रिप्रेझेंटेशन फीबद्दल बहुतेक जण म्हणतात की सर्टिफिकेटच्या फीमधून बार कौन्सिलला पैसे जातातच की. जातात, पण लीगल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या कलम 51 प्रमाणे ते पैसे ठरावीक परवानगी असलेल्या कामांवरच खर्च करता येतात, निव्वळ आपल्या हितासाठी केलेलं काम त्यात बसत नाही, ते या ऐच्छिक फीतून चालतं. मी भरते. पहिल्या वर्षी हात फारच आखडता असेल तर ती पुढच्या वर्षावर ढकला आणि त्याऐवजी असोसिएशनच्या एखाद्या वर्किंग ग्रुपमध्ये नाव द्या, तुम्ही दुसऱ्या देशातल्या ट्रायल कोर्टात उभे राहिलेले आहात, मसुदा वाचताना ती नजर त्यांना हवीच असते.

सर्टिफिकेटचं वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि रिन्युअलचा फॉर्म मार्चअखेरच्या आत भरायचा असतो, बार रिप्रेझेंटेशन फीबद्दल तिथेच विचारतात, घाईत क्लिक करून पुढे जाऊ नका. व्यवसायासाठी भरलेल्या या वर्गण्या सेल्फ-एम्प्लॉइड माणसाला खर्च म्हणून उत्पन्नातून वजा करता येतात, पावत्या अकाउंटंटला द्या.